युनिकॉर्न: चोक आत ढकलला की बंद. कार्बोरेटर घरीच साफ करायचाय, कोणाचं ऐकू?

कन्नमवारकर (धागाकर्ता) | शनिवार, रात्री १०:१२

मंडळी, गाडी २००८ ची युनिकॉर्न, होंडाची बाइक. मूळची बाबांची, त्यांचे गुडघे बोलायला लागल्यापासून माझ्याकडे. गणपतीला गावी गेलो, परत आल्यावर ऑफिस घरूनच सुरू झालं आणि गाडी जवळपास अडीच महिने विक्रोळीत बिल्डिंगखाली निळ्या प्लास्टिकात गुंडाळून उभी राहिली. पेट्रोलचा कॉक (टाकीखालची चावी) चालूच राहिला होता, हे शिव्या खाण्याआधीच कबूल करतो.

आता स्टार्ट होते, पण फक्त चोक ओढून (म्हणजे हवा कमी, पेट्रोल जास्त). चोक आत ढकलला की दोनदा खोकते आणि बंद. रेस धरून ठेवली तर चालते. चाळीसच्या वर गेली की काही झालंच नाही अशी पळते. पण एलबीएस रोडला दर थोड्या अंतरावर सिग्नल नाहीतर खड्डा, आणि प्रत्येक ठिकाणी मी रेस पिळत उभा. पुढच्या रिक्षावाल्याला वाटतं मी त्याच्यावर चिडलोय.

जवळच्या गॅरेजवाल्याने एक स्क्रूही न उघडता सांगितलं, "कार्बोरेटर गेला, नवा टाकू." आकडा ऐकून गाडी ढकलत परत आणली.

कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) घरी साफ करायचा विचार आहे. व्हिडिओ बघून डोकं फिरलं. एक जण लिंबाच्या पाण्यात उकळतो, एक जण नुसता स्प्रे मारतो, एक जण तारेने भोकं कोरतो. माझ्याकडे दोन स्टार स्क्रूड्रायव्हर, आठ-दहाचे पाने आणि एक पक्कड आहे. पार्किंगमध्ये बसलो तर सेक्रेटरी ओरडतात, म्हणून स्वयंपाकघराच्या ओट्यावर करणार आहे. आई रविवारी संध्याकाळी भजनाला जाते तेव्हा.


किक_मार | शनिवार, रात्री १०:३१

चोकवर चालते आणि चोक काढला की मरते, म्हणजे स्लो जेट (कमी रेसला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा तुकडा) तुंबलाय. वर पळते म्हणजे मेन जेट (जास्त रेसचा) ठीक. बास.


बिनधास्त_बोरिवली | शनिवार, रात्री १०:४४

एवढं टेन्शन कशाला भावा. खालची पेट्रोलची वाटी उघड, जेट काढ, सेफ्टी पिन घाल, फिरव, फुंकर मार, बसव. वीस मिनिटं. मी स्प्लेंडरचा दहा वेळा केलाय.


पार्किंग_१४ | शनिवार, रात्री १०:५२

दहा वेळा करावा लागला यातच सगळं आलं.


आरएक्स_वेडा | शनिवार, रात्री ११:२०

सेफ्टी पिन नको. हात जोडून सांगतो.

जेट पितळेचा असतो आणि पिन पोलादाची. स्लो जेटचं भोक अर्ध्या मिलीमीटरपेक्षा बारीक, त्यात पोलाद फिरवलं की भोक मोठं तरी होतं नाहीतर वाकडं तरी. डोळ्याला दिसत नाही, पण गाडीला कळतं. माझ्या आरएक्स शंभरचा (यामाहाची टू-स्ट्रोक बाइक) मेन जेट एका शहाण्याने शिवणाच्या सुईने साफ करून दिला होता. महिनाभर प्लग काळाकुट्ट आणि सायलेन्सरमधून तेलकट धूर. नवा जेट टाकला तेव्हा सुटलो.

उलटंही भोगलंय. जेट अर्धवट तुंबलेला असताना "बघू पुढच्या रविवारी" म्हणत नवी मुंबईला निघालो. वाशी पुलाच्या अलीकडे मागचं चाक एकदम आवळलं. पिस्टन धरला. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की आत उष्णता भडकते. फोर-स्ट्रोक निदान कुरकुर करून सांगते. ही बया सांगत नाही.

भोकात घालायचंच असेल तर जुन्या टूथब्रशचा एक केस, मासे धरायची बारीक नायलॉनची दोरी किंवा वायर सोलून त्यातली तांब्याची एकच तार. आणि कोरायचं नाही, नुसतं आरपार सरकवायचं.


रसायनवाली | शनिवार, रात्री ११:४८

लिंबाबद्दल बोलते, कारण माझं पोट त्याच्यावर चालतं. (लिंबावर नाही, आम्लांवर. बेलापूर पट्ट्यात लॅबमध्ये आहे.)

लिंबाने पितळ चकचकीत होतं हे खरं, देवाची भांडी आपण तशीच घासतो. पण कार्बोरेटरची बॉडी पितळेची नाही. ती अ‍ॅल्युमिनियम किंवा जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असते आणि आम्ल या दोन्ही धातूंना खातं. दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात थोडं लिंबू, मग खळखळून धुणं, इतपत चालून जाईल. "रात्रभर ठेवा" म्हणणाऱ्यांचे कार्बोरेटर सकाळी करडे-काळे होऊन निघतात, आत खरखरीत होतात, आणि त्या खरखरीत जागी पुढचा गाळ आणखी छान चिकटतो. आणि दोन महिन्यांच्या पेट्रोलचा जो तपकिरी चिकटा असतो, त्यावर लिंबू फारसं काम करतही नाही. तो तेलकट प्रकार आहे, त्याला पेट्रोल, थिनर नाहीतर कार्ब क्लीनरच लागतो.

संडास किंवा मोरी साफ करायची पावडर, कॉस्टिक सोडा, यातलं काहीही अ‍ॅल्युमिनियमला लावू नका. हे कोणी अजून सुचवलेलं नाही, पण सुचवेल. कॉस्टिकमध्ये अ‍ॅल्युमिनियम विरघळतं आणि वर हायड्रोजन सुटतो.

आता ओट्याचं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर खिडकीतून जात नाही, खाली सांडते आणि फरशीवरून सरपटत जाते. दुसऱ्या खोलीत देवापुढे निरांजन असलं, फ्रिजचा स्विच चट्ट झाला, गीझरचा पायलट पेटलेला असला तरी तिथवर पोचते. मुंबईतल्या स्वयंपाकघरात ओट्यापासून देव्हारा किती लांब असतो ते तुम्हालाच माहीत. आई भजनाला गेली तरी निरांजन लावूनच जाणार ना? खाली जा. सेक्रेटरींना चहा पाजा.


कन्नमवारकर | रविवार, सकाळी ७:५५

निरांजनाचं वाचून झोप उडाली. ताई, धन्यवाद. खालीच बसतो. सेक्रेटरींची स्वतःची अ‍ॅक्टिव्हा स्टार्ट होत नाही, त्यामुळे सौदा जमेल असं दिसतंय.


गिरणगावातला | रविवार, सकाळी ८:४०

धागा आज वाचला. मी मिलमध्ये फिटर होतो, ८२ च्या संपानंतर परळला लहानसं गॅरेज टाकलं आणि आता मुलाच्या घरी बसून तुमचे धागे वाचतो. थोडं लांबेल, चालवून घ्या.

साफ कशाने करायचं हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, घाण कसली आहे? वाटी उघडली की लगेच पुसायची नाही. खाली पांढरा कागद ठेवायचा, वाटी तशीच सरळ उतरवायची आणि तळाला काय बसलंय ते बघायचं. आमच्याकडे पोरं आली की पहिला महिना मी त्यांना एवढंच करायला लावायचो.

तपकिरी, मधासारखा चिकट थर आणि आंबूस वास असेल तर ते उभं राहिलेलं पेट्रोल. हलका भाग उडून गेला, जड भाग राहिला. याला पेट्रोलमध्ये भिजवणं पुरतं.

पांढरी भुकटी, खरवडली की मिठासारखी निघते, ते पाण्याचं काम. धातू गंजलाय. पेट्रोलमध्ये भिजवून ती हलत नाही, ब्रश आणि हवा लागते. हल्ली ही फार दिसते. पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि आपल्या पावसाळ्यात हवा म्हणजे ओला टॉवेलच. ओलावा फार झाला की इथेनॉल आणि पाण्याचा वेगळा थर होऊन तळाशी बसतो. जेट नेमका तळातलंच पितो. २०२३ पासून ई२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) पंपांवर यायला लागलं, तुमची गाडी त्याच्या पंधरा वर्षं आधीची. तिच्यातलं रबर त्या पेट्रोलसाठी बनलेलंच नाही, हेही ध्यानात ठेवा.

तिसरी, विटकरी बारीक पूड. बोटांत चोळली की कचकच लागते. तो टाकीचा गंज. ही दिसली तर कार्बोरेटर कितीही घासा, आठ दिवसांत परत तुंबणार. आधी टाकी आणि कॉकची जाळी. बोरिवलीवाल्या भावाच्या स्प्लेंडरला दहा वेळा का उघडावं लागलं, त्याने एकदा टाकीत टॉर्च मारून बघावं. टॉर्च बाहेरूनच, आत घालू नका, आणि माचीस तर नाहीच. हे गमतीत सांगत नाही, एकाच्या भुवया गेलेल्या मी बघितल्यात.

आता उघडायचं कसं. कॉक बंद. वाटीच्या तळाला ड्रेनचा स्क्रू असतो, तो सैल करून असलेलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. तळाशी पाण्याचे थेंब वेगळे फिरताना दिसतात का बघा. मग दोन्ही बाजूच्या क्लिपा, चोक आणि रेसची केबल. केबल काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, आमच्या वेळी ही सोय नव्हती.

वाटीचे चार स्क्रू मऊ असतात आणि वर्षानुवर्षं बसलेले असतात. स्क्रूड्रायव्हर खाचेत पूर्ण बसला पाहिजे, पाव मिलीमीटर लहान असला तरी डोकं घासलं जाणार. आधी त्याच्या मुठीवर हातोडीची एक हलकी टिचकी, मग खाली जोर जास्त आणि पिळायला कमी. जेटलाही तेच, खाचेच्या पूर्ण रुंदीचं पातं. अर्ध्या रुंदीच्या पात्याने पितळेचा कान तुटला की जेट तिथेच राहतो आणि मग खरोखर नवा कार्बोरेटर. काही गाड्यांत स्लो जेट दाबून बसवलेला असतो, त्याला खाचच नसते. तो उपटायला जाऊ नका.

आणि मिक्श्चरचा स्क्रू (रेस नसताना पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवतो तो) काढण्याआधी तो हलक्या हाताने आत फिरवा आणि पूर्ण बसेपर्यंत किती फेरे होतात ते मोजून लिहून ठेवा. लिहून. डोक्यात नाही. बसला की आवळायचा नाही, टोकाची सुई मोडते.


किक_मार | रविवार, सकाळी ९:०५

काका, साष्टांग.


बिनधास्त_बोरिवली | रविवार, सकाळी ९:३०

टॉर्च मारली. आत मंगळ ग्रह आहे.


पार्किंग_१४ | रविवार, सकाळी ९:४१

एक भर. तुमच्या युनिकॉर्नचा कार्ब सीव्ही प्रकारचा आहे, म्हणजे वरच्या टोपीखाली काळ्या पातळ रबराचा डायफ्राम असतो. कार्ब क्लीनरचा फवारा त्याच्यावर गेला की तो पापडासारखा फुगतो आणि परत खोबणीत बसत नाही. आधी तो काढून लांब ठेवा, मग स्प्रे. फुगलाच तर घाबरून फेकू नका, दिवसभर सावलीत वाऱ्यावर ठेवला की बरेचदा आक्रसतो. ओ-रिंगांचंही (गोल रबरी कड्या) तसंच.

पल्सरसारख्या गाड्यांत बाजूला प्लास्टिकची डबी स्क्रूने लावलेली असते, थ्रॉटलचा सेन्सर. तुमच्यात दिसली तर हात लावू नका.

आणि चष्मा घाला. स्प्रे एका भोकात मारला की तो कुठल्या भोकातून बाहेर येईल सांगता येत नाही, आणि बहुतेक वेळा ते भोक तुमच्या डोळ्यासमोरच असतं. स्वानुभव. अर्धा तास नळाखाली.


सराफकट्टा | रविवार, सकाळी ११:१५

आमच्याकडे दागिने धुवायचं अल्ट्रासॉनिक मशीन आहे. भाच्याने त्यात कार्बोरेटर घालून बघितला होता, चांगला निघाला. पण चष्म्याच्या दुकानात असतं ते डबीएवढं नको, त्यात वाटीसुद्धा मावत नाही आणि जोरही नसतो. गरम पाणी, भांड्यांचा साबण, पाच-पाच मिनिटांचे चार-पाच हप्ते. रबर-प्लास्टिक सगळं काढून. बाहेर काढल्यावर लगेच हवा मारून सुकवायचं, नाहीतर तीच पांढरी भुकटी.

भाचा म्हणाला पाण्याऐवजी पेट्रोल घालू. त्याला दुकानाबाहेर काढलं.


कन्नमवारकर | रविवार, संध्याकाळी ६:२०

उघडला!! क्रमाने सांगतो.

सेक्रेटरींनी परवानगी दिली, अट एकच, फरशीवर पुठ्ठा टाकायचा. वॉचमन खुर्ची घेऊन शेजारी बसला आणि शेवटपर्यंत उठला नाही. ड्रेनमधून आलेलं पेट्रोल कोऱ्या चहासारखं होतं, वास व्हार्निशचा. बाटली तिरकी केली की तळाला पाण्याचे दोन-तीन मणी लोळत होते, अगदी काकांनी सांगितले तसे.

तीन स्क्रू सुटले. चौथ्याचं डोकं घासलं, कारण मी शहाणपणा करून लहान स्क्रूड्रायव्हर लावला. पक्कडीने कडेने धरून फिरवला तेव्हा सुटला. वाटीच्या तळाला तपकिरी थर आणि कोपऱ्यात पांढरी भुकटी. विटकरी काही नाही.

मेन जेटमधून आभाळ गोल दिसलं. स्लो जेट उजेडासमोर धरला तर काहीच नाही. ठार अंधार. बाजूच्या बारीक भोकांतही हिरवट काहीतरी बसलेलं. आता सगळी पितळ स्टीलच्या डब्यात पेट्रोलमध्ये, झाकण लावून, खाली मीटर रूमपासून लांब. डायफ्राम उजेडासमोर धरून बघितला, भोक नाही. मिक्श्चर स्क्रू दोन आणि पाव फेरे, भिंतीवर खडूने लिहिलंय, त्यावर सेक्रेटरी ओरडले.

प्रश्न: हवा कुठून मारू? कॉम्प्रेसर नाही.


आरएक्स_वेडा | रविवार, संध्याकाळी ६:३८

पंक्चरवाला! मुंबईत दर नाक्यावर एक आहे. दहा-वीस रुपये हातावर ठेव.

पण दोन गोष्टी. एक, त्याच्या टाकीत पावसाळ्याचं पाणी साठलेलं असतं. आधी नळी मोकळ्या हवेत, तळहातावर मारायला सांग, हात ओला झाला तर त्याला टाकीचं पाणी सोडायला लाव. दोन, डायफ्राम आणि फ्लोट (वाटीतला तरंगता तुकडा) लावलेले असताना हवा नको, प्रेशर फार असतं.

नाहीच जमलं तर सायकलचा पंप. हात दुखतील पण होतं.


गिरणगावातला | रविवार, संध्याकाळी ७:१०

जेट स्वच्छ झाला म्हणजे वाट स्वच्छ झाली असं नाही. स्लो जेटच्या वर बॉडीत जी बारीक नळी जाते ती इंजिनच्या बाजूला बटरफ्लायच्या (रेस दिली की उघडणारी गोल चकती) पाळीपाशी दोन-तीन टाचणीएवढ्या भोकांत उघडते. जेट बसायच्या जागेतून स्प्रे मारा आणि तिथे बघा. प्रत्येक भोकातून धार आली पाहिजे. मग मिक्श्चर स्क्रूच्या भोकातून मारा, परत बघा. एखादं भोक नुसतं पाझरत असेल तर बोटाने बाकीची भोकं बुजवून पुन्हा मारा, सगळा जोर त्याच्यावर येतो. गॅरेजमध्ये बहुतेक जण जेट फुंकून परत लावतात आणि इथेच फसतात.

फ्लोट कानाशी नेऊन हलवा. आत पेट्रोल खुळखुळलं तर तो बुडणार. त्याच्या पिनचं रबरी टोक बघा, त्यावर गोल खाच पडली असेल तर पेट्रोल थांबत नाही, ओव्हरफ्लो होतं. फ्लोटची पत्र्याची जीभ वाकवू नका.


कन्नमवारकर | सोमवार, रात्री ९:५०

पंक्चरवाल्याकडे जाऊन आलो. तळहात ओला झाला, त्याने टाकीचा नळ सोडला, तांब्याभर तांबूस पाणी निघालं. तो म्हणाला, आजवर कोणी विचारलं नव्हतं.

रात्रभर भिजवून स्लो जेट सहज मोकळा झाला, टूथब्रशच्या केसाने. आता त्यातून बिल्डिंग नंबर आठ दिसते. तिन्ही भोकांतून धार बघितली. सगळं जोडलं. डायफ्राम बसवताना टोपी लावली की रबर चिमटत होतं, तीनदा उघडावं लागलं.

दुसऱ्या सेल्फला स्टार्ट! चोक आत, तरी चालू! बाबा खिडकीतून बघत होते.

पण. आयडलिंग (रेस न देता चालणं) स्थिर नाही. रेस सोडली की आवाज वरच लटकतो, मग सावकाश खाली येतो, परत आपोआप वर. कोणीतरी अदृश्य माणूस रेस देतोय असं. आधी हे नव्हतं. काय लोच्या केलाय मी?


किक_मार | सोमवार, रात्री १०:०४

हवा चोरतोय कुठूनतरी.


पार्किंग_१४ | सोमवार, रात्री १०:२२

+१. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबरी मॅनिफोल्ड बघा, क्लिप नीट आवळलीय का, रबराला चिरा आहेत का. गाडी चालू ठेवून फवारणीच्या बाटलीने साधं पाणी शिंपडा. आवाज बदलला की तिथे गळती. पाणीच वापरा. काही जण पेट्रोल नाहीतर कार्ब क्लीनर मारून बघतात, गरम इंजिनवर, पार्किंगमध्ये, वॉचमन विडी ओढतोय. नको.

आणि डायफ्रामची टोपी: आतून बोट घालून स्लाइड (डायफ्रामखालचा सरकणारा तुकडा) वर उचलून धरायचा, टोपी लावायची, मग सोडायचा. रबर आपोआप खोबणीत राहतं. हे तुम्हाला काल सांगायला हवं होतं, माफी.


कन्नमवारकर | मंगळवार, सकाळी ८:१५

पाणी मारलं, मॅनिफोल्डला काही फरक नाही. डायफ्राम परत बघितला, ठीक बसलाय. मिक्श्चर स्क्रू आतबाहेर फिरवला तरी गाडीला काही फरक पडत नाही. हे बरोबर आहे का?


गिरणगावातला | मंगळवार, सकाळी ९:००

नाही. तिथेच आहे तुमचं दुखणं.

त्या स्क्रूवर क्रमाने काय काय घातलं होतं सांगा. डोक्याकडून सुरुवात केली की आधी स्प्रिंग, मग बारीक वायसर (पत्र्याची चकती), मग ओ-रिंग, असं पाहिजे. ओ-रिंग फाटलेली असली, किंवा वायसर चुकून तिच्या पलीकडे गेला, की त्या भोकातून हवा आत जाते. मग स्क्रू कितीही फिरवा.


कन्नमवारकर | मंगळवार, सकाळी ९:२०

काका, मला तर काढताना फक्त स्क्रू आणि स्प्रिंग मिळाली होती. वायसर-ओ-रिंग असं काही नव्हतंच!


आरएक्स_वेडा | मंगळवार, सकाळी ९:२६

नव्हतं नाही. भोकात आहे अजून.


गिरणगावातला | मंगळवार, सकाळी ९:३१

बरोबर. आत चिकटून राहिली असणार, आणि तुम्ही त्याच भोकात स्प्रे मारलात. फुगून वाकडी झाली असेल. आधी वायसर निघेल, मग ती. लोखंडी काही खुपसू नका, आतली बैठक ओरखडली तर संपलं.


कन्नमवारकर | बुधवार, रात्री ८:४५

निघाली.

टॉर्च लावून बघितलं तर भोकाच्या तळाशी काळी कड दिसत होती, मला ती भोकाचीच कड वाटली होती. लाकडी टूथपिक मोडली. प्लास्टिकची स्ट्रॉ जाईना. शेवटी आईची क्रोशाची सुई, सगळ्यात बारीक, तिच्या टोकाला आकडा असतोच. (लोखंडी नाही काका, अ‍ॅल्युमिनियमची. विचारून घेतली. म्हणजे घेतल्यावर विचारलं.) आधी मोहरीएवढा वायसर आला, मग मागून रिंग, अर्धी. उरलेली अर्धी वेगळी, चुरमुऱ्यासारखी फुगलेली. बैठकीला ओरखडा नाही.

आज हाफ डे टाकून कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेलो. कार्बोरेटर पिशवीत घेऊन. कालचा दिवस उन्हात ठेवून, पुसून, कोरडा करून नेला होता, तरी लोकलमध्ये शेजारच्या बाईंनी नाक मुरडून पिशवीकडे बघितलं आणि मी कुर्ल्यापर्यंत दारात उभा राहिलो. पेट्रोल गाडीत न्यायला बंदी आहे हे माहीत आहे, पण वासाचं काय? तीन दुकानांनी "पूर्ण किट घ्या" म्हणून हाकललं. चौथ्याने जुने दोन तुकडे तळहातावर जुळवून बघितले, खणातून एक रिंग काढली, स्क्रूवर घालून दाखवली. वाटीची मोठी ओ-रिंगही घेतली, जुनी फुगून खोबणीबाहेर येत होती.

बसवलं. स्प्रिंग, वायसर, रिंग. सव्वादोन फेरे. गाडी दहा मिनिटं गरम केली, स्क्रू पाव-पाव फिरवत जिथे आवाज सगळ्यात गोल लागला तिथे सोडला आणि आयडलिंग जागेवर आणलं. पवईपर्यंत जाऊन आलो. जेव्हीएलआरला (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) सगळे सिग्नल लाल लागले, एकदाही बंद पडली नाही. इतक्या आनंदाने सिग्नलला कधी थांबलो नव्हतो.


बिनधास्त_बोरिवली | बुधवार, रात्री ९:०२

मानलं भावा. माझी टाकी उतरवलीय. आत नट-बोल्ट घालून हलवतोय, शेजारचे विचारतात कसला खुळखुळा. एक सांगा, पेट्रोलच्या नळीत तो छोटा पारदर्शक फिल्टर लावू का?


आरएक्स_वेडा | बुधवार, रात्री ९:१५

लाव, पण बाइकचाच. पंप नसलेल्या गाडीत पेट्रोल नुसतं उतारावरून येतं. कारचा जाड फिल्टर लावलास तर वर चढताना उपाशी मरेल. नळी वर-खाली लोंबती ठेवू नकोस. नट-बोल्ट मोजून घाल, मोजून काढ.


रसायनवाली | बुधवार, रात्री ९:४०

अभिनंदन! त्या डब्यातलं घाण पेट्रोल गटारात ओतलं नाहीत ना? विक्रोळीचं गटार म्हणजे पुढे खाडीच. गॅरेजवाल्यांकडे जुन्या ऑइलचा पिंप असतो, त्यांना विचारून द्या.


पार्किंग_१४ | बुधवार, रात्री ९:५२

कॉक चालू ठेवला होता ना महिनोन्महिने? एकदा इंजिन ऑइलची दांडी काढून वास घ्या. पिन गळत असेल तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ आणि पेट्रोलचा वास आला तर बदलून टाका, तसंच चालवू नका. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. २६ जुलैला, २००५ च्या, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा माझी सीबीझेड बाइक कलिन्याला टाकीपर्यंत पाण्यात होती. दांडी बाहेर काढली तर वर चहाची मलई. तेव्हा उत्साहाने किक मारली असती तर इंजिनच गेलं असतं.


कन्नमवारकर | गुरुवार, सकाळी ८:०५

दांडी बघितली, वास नाही. कॉक काल रात्री बंद केला, आणि बंद केल्यावर वाटीतलं संपेपर्यंत गाडी चालू ठेवली. पेट्रोलचा डबा अजून झाकण लावून मीटर रूमपासून लांब आहे, आज ज्याने "नवा टाकू" सांगितलं त्याच गॅरेजच्या पिंपात ओतणार. बघू काय म्हणतो.

सेक्रेटरींच्या अ‍ॅक्टिव्हाचं रविवारी ठरलंय. वॉचमनने खुर्ची आत्ताच राखून ठेवलीय.

क्रोशाची सुई साबणाने तीनदा धुऊन आईला परत दिली. तिने एक ओळ विणली, वास घेतला आणि सुई माझ्या हत्यारांच्या डब्यात टाकली. आता दादरहून नवी आणायची आहे. नंबर विचारायचा राहिला, तिच्यावर छापलेला होता तो पेट्रोलने पुसला गेला. इथे कोणी विणतं का?


रसायनवाली | गुरुवार, सकाळी ८:१९

विणते. जुनी सुई घेऊनच दुकानात जा, ओ-रिंगसारखी.